विकायचंय की ठेवायचंय?

गहाणाच्या दुकानात वस्तू काउंटरवर ठेवली की पहिला प्रश्न वस्तूबद्दल नसतो. विकायचंय की ठेवायचंय? दुसराही वस्तूबद्दल नसतो. किती हवेत? आपण घरून वस्तूचं कौतुक घोकून आलेलो असतो. कधी घेतली, केवढ्याला घेतली, किती जपून वापरली. ते सगळं तोंडातल्या तोंडात राहतं.

मला हे दोन प्रश्न फार दिवस उर्मट वाटत. समोरच्याची नड मोजायची आणि मग तेवढ्यापुरती वस्तूची किंमत करायची, असाच त्यांचा अर्थ मी लावत असे. तो अर्थ अगदीच खोटा नाही. आपण बोललेला आकडा दुकानदाराच्या मनातल्या आकड्यापेक्षा कमी असला तर व्यवहार तिथेच पक्का होतो, आणि जास्त असला तर आपल्याला किती खाली आणावं लागेल ते त्याला कळतं. पण गहाण ठेवणाऱ्याला ‘किती हवेत’ विचारण्यात एक शहाणपणही आहे. वस्तूवर शंभर मिळत असले तरी गरज चाळीसचीच असेल तर चाळीसच उचलावेत, व्याज तेवढ्यावरच बसेल आणि वस्तू सोडवणंही हलकं जाईल. विकणाऱ्याच्या बाबतीत मात्र हा प्रश्न केवळ दुकानदाराच्या सोयीचा. म्हणून ठेवायचं असेल तर खरी गरज सांगावी, आणि विकायचं असेल तर ‘तुम्हीच सांगा’ म्हणून गप्प बसावं. गप्प बसणं अवघड जातं, हे खरं.

दुकानदार किंमत करतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे आपण नसतोच. त्याच्यापुढे असतो एक न आलेला माणूस, ही वस्तू पुढे विकत घेणारा. तो कधी येईल, किती देईल, कशावरून घासाघीस करेल, हा सगळा अंदाज. नवीन वस्तूचा भाव इथे फक्त वरची मर्यादा म्हणून उपयोगी पडतो. जुन्या बाजारात मालक काय मागतायत हेही फारसं कामाचं नाही, कारण मागायला पैसे पडत नाहीत. तशीच वस्तू खरोखर कितीला खपली, तो आकडा धरायचा. त्यातून मग वजाबाकी सुरू होते. दुरुस्ती, फळीवरची जागा, अडकून पडलेले पैसे, पुढच्या गिऱ्हाइकाला सोडावी लागणारी सूट, न खपण्याची भीती. सर्वसाधारण वस्तूला, ती ज्या किमतीला पुढे विकली जाईल असं वाटतं त्याच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत काहीतरी हाती पडतं ते यामुळे.

एका मूल्यांककाला काम करताना मी बराच वेळ पाहत उभी होते. एकाने ड्रिल मशीन आणलं होतं, वायरवालं. मला वाटलं, आधी कंपनीचं नाव बघेल. त्याने आधी वायर पाहिली, मुठीजवळ जिथे ती सारखी वाकते तिथे चिकटपट्टी लावलीय का ते. मग मशीन प्लगला लावून खटका एकदम न दाबता हळूहळू दाबत नेला. वेग चढत जातोय की मध्येच उसळी मारतोय, ते ऐकत होता. हवेच्या झरोक्यातून आत ठिणग्या किती उडतायत ते पाहिलं, मशीन बंद करून त्याच झरोक्याला नाक लावलं. मोटरची वेटोळी एकदा तापून जळकी झाली की तो वास जात नाही म्हणे. शेवटी चक, म्हणजे ड्रिलचं टोक पकडणारा पुढचा जबडा, बोटांत धरून हलवला आणि विचारलं, “चकची चावी?” चावी नव्हती. ती काही मोठ्या किमतीची वस्तू नव्हे, पण पुढचा माणूस नेमकी तीच नाही म्हणून भाव पाडून मागणार, हे त्याला आताच दिसत होतं. त्याने आकडा सांगितला. समोरचा म्हणाला, “अहो, नवीन केवढ्याला येतं माहितीय का?” मूल्यांकक शांतपणे म्हणाला, “नवीन घेणारा माझ्याकडे येत नाही ना, साहेब.”

सोन्याची गोष्ट वेगळी. सोन्याला न आलेल्या गिऱ्हाइकाची वाट पाहावी लागत नाही. ते गाळून शुद्ध करणारा कुणीतरी कायम तयार असतो आणि भाव रोज जगजाहीर होतो. म्हणून सोन्यावर सगळ्यात जास्त पैसे मिळतात, म्हणजे किमतीच्या प्रमाणात. त्या बदल्यात सोनं आपलं रूप गमावतं. घडणावळ शून्य धरली जाते. नाजूक जाळी, हाताने काढलेली नक्षी, कारागिराने डोळे फोडून बसवलेले बारीक दुवे यांना वजनकाट्यावर काहीच वजन नसतं. धड साखळी आणि तुटकी साखळी एकाच दराने जाते. हा हिशोब निर्दयी आहे खरा, पण ज्याच्याकडे एकच कानातलं उरलंय त्याच्या तो फायद्याचा. जोडी मोडली म्हणून दर कमी होत नाही.

तपासण्याची रीत मात्र बघत राहावी अशी. आधी लोहचुंबक. सोनं त्याला चिकटत नाही, पण पितळ आणि तांबंही चिकटत नाही, त्यामुळे चुंबक फक्त ‘नाही’ म्हणू शकतो, ‘हो’ म्हणू शकत नाही. त्यातही खऱ्या साखळीचा फासा जरासा ओढला जातो, कारण त्याच्या आत पोलादी स्प्रिंग असते. हे माहीत नसलेला नवखा घाबरून अस्सल माल परत करतो. मग भिंगाखाली शिक्का. ७५० म्हणजे हजारात ७५० भाग सोनं, १८ कॅरट. ५८५ म्हणजे १४ कॅरट, ३७५ म्हणजे ९. शिक्क्यावर कुणी पूर्ण विश्वास ठेवत नाही. फासा एका साखळीचा आणि साखळी दुसरी, असं सर्रास असतं.

मग कसोटीचा दगड. काळा, बारीक पोताचा. त्यावर डाग, म्हणजे दागिना, घासला की सोनेरी रेघ उठते. शेजारी, ज्याचा कस आधीच ठाऊक आहे अशा सुईने दुसरी रेघ ओढायची आणि दोन्हींवर आम्लाचा थेंब फिरवायचा. नायट्रिक आम्ल तांबं-चांदी खातं, सोनं खात नाही. पितळेची रेघ बघता बघता नाहीशी होते. हलक्या कसाची रेघ फिकट पडते. चांगल्या सोन्याची रेघ जागची हलत नाही. वरच्या कसांसाठी नायट्रिकमध्ये थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळून त्याची धार वाढवलेली असते. दगडावर रेघ ओढून पारखण्याची रीत किती जुनी असावी? ग्रीक विद्वान थिओफ्रास्टसने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात दगडांबद्दल लिहिताना या कसोटीच्या दगडाचं वर्णन केलंय. आज काउंटरवर क्ष-किरणांचं यंत्र असतं, काही सेकंदांत सोनं किती, तांबं किती, चांदी किती ते टक्क्यांत दाखवतं. पण त्याची नजर पृष्ठभागाखाली काही मायक्रॉनच जाते. वर जाड मुलामा असेल तर लाखाचं यंत्र गंडतं आणि मूल्यांकक निमूटपणे कानस काढून आडबाजूला एक खाच पाडतो. आतला रंग दिसला की काम झालं.

वजन आणि आकारमानावरून घनता काढायची युक्तीही अचूक नाही. शुद्ध सोन्याची घनता १९.३, टंगस्टनची १९.२५. दागिना घडवायला टंगस्टन कामाचं नाही, फार कडक. पण सोन्याच्या लगडीच्या पोटात ते भरलं तर तराजू आणि पाणी दोघंही फसतात. म्हणून लगडी तपासताना त्यातून ध्वनिलहरी सोडतात, किंवा विजेची वाहकता मोजतात. त्या दोन बाबतींत टंगस्टनला सोन्याचं सोंग वठवता येत नाही.

फसवणूक काउंटरच्या दोन्ही बाजूंनी होते. पलीकडून, म्हणजे दुकानदाराकडून, होणारी बहुतेक फसवणूक तराजूच्या आसपास होते, आणि ती समजायला रसायनशास्त्र लागत नाही. सगळे डाग एकत्र एका पारड्यात टाकले आणि त्यातल्या सर्वांत हलक्या कसाचा दर लावला, की १८ कॅरटची अंगठी ९ कॅरटच्या भावाने जाते, म्हणजे बरोबर निम्म्यात. काही देशांत सोनं पेनीवेट नावाच्या मापात तोलतात. एक पेनीवेट म्हणजे साधारण १.५५५ ग्रॅम. दर ग्रॅमचा ऐकवला आणि वजन पेनीवेटमध्ये केलं, तर विकणाऱ्याचा तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल फुकट गेला. सोन्याचा औंसही ३१.१ ग्रॅमचा, किराणा मालाच्या २८.३५ ग्रॅमच्या औंसापेक्षा मोठा. यावर उपाय एकच. डाग कसाप्रमाणे वेगवेगळे तोलून घ्यायचे, आकडा कुठल्या मापातला ते विचारायचं आणि दर त्याच मापात बोलायला लावायचं. विचारलं म्हणून कुणी रागावलं तर डाग उचलावा आणि दुसरं दुकान गाठावं.

हिऱ्यांची कथा याहून करुण. अंगठीतले बारीक हिरे बहुधा वजनातून वजाच होतात. ते काढण्याची मजुरीच त्यांच्या किमतीपेक्षा जास्त पडते. मोठ्या खड्यावर परीक्षकयंत्राचं टोक टेकवतात, ते खड्यातून उष्णता किती झपाट्याने वाहते ते पाहतं. मॉयसनाइट नावाचा कृत्रिम खडा या परीक्षेत हिरा म्हणून उत्तीर्ण होतो, म्हणून विजेची वाहकता मोजणारं दुसरं यंत्र आलं. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर या दोन्हींपुढे बिनधास्त बसतो, कारण तो हिराच असतो. त्यामुळे मूल्यांकक हिऱ्याच्या बाबतीत हात आखडूनच बोलतो. शोरूममध्ये ज्याच्यासाठी सर्वांत जास्त मोजलं, त्याचेच इथे सर्वांत कमी येतात. हे ऐकून काउंटरवर उतरलेले चेहरे मला अजून आठवतात.

बाकी वस्तूंचं थोडक्यात. घड्याळाला मूळ डबी आणि कागद असतील तर भाव चढतो, आणि चकाकी यावी म्हणून केस पॉलिश करून आणली असेल तर उतरतो, कारण कडांची मूळ धार गेलेली असते. फोनवर आधी *#०६# दाबून आयएमईआय हा १५ आकडी क्रमांक काढतात आणि चोरीच्या यादीत पाहतात. जुन्या मालकाचं खातं त्यावरून निघालेलं नसेल तर तो फोन म्हणजे नुसती काच. शिवाय फोन फळीवर बसल्या बसल्या स्वस्त होत जातो, सोन्यासारखा थांबत नाही.

चोरीच्या मालाची धास्तीही भावात मुरलेली असते. ओळखपत्र मागतात, सही घेतात, क्रमांक टिपतात, ते गिऱ्हाइकाचा अपमान करायला नव्हे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत विकत घेतलेली वस्तू ठरावीक दिवस न विकता ठेवावी लागते आणि तिची नोंद पोलिसांकडे द्यावी लागते. माल चोरीचा निघाला तर वस्तू मूळ मालकाकडे जाते आणि दुकानदाराचे पैसे सहसा बुडतात. प्रामाणिक विकणाऱ्याला त्या न भेटलेल्या चोराचा थोडा भार उचलावा लागतो. मला हे अन्यायाचं वाटतं, पण दुसरा मार्ग सुचत नाही.

मूल्यांकक नेहमी हात राखूनच किंमत का करतो, याचं सर्वांत नितळ उत्तर मला पॅरिसच्या जुन्या सरकारी गहाणखान्यात सापडलं. अशा संस्थांची सुरुवात इटलीतली. १४६२ मध्ये पेरुजा इथे फ्रान्सिस्कन साधूंच्या प्रयत्नांतून ‘मोंते दि पिएता’ उभी राहिली, गरिबांना सावकाराच्या तावडीतून सोडवण्यासाठी. धर्मसंस्थेने व्याज घ्यावं का, यावर पुढे अर्धं शतक वाद चालला आणि १५१५ मध्ये पोप दहावा लिओ याने खर्चापुरतं व्याज हे पाप नाही असा निर्वाळा दिला. व्हिएन्नात १७०७ मध्ये सम्राट पहिल्या जोसेफने असंच गहाणघर काढलं, तेच आजचं डोरोथेउम हे प्रसिद्ध लिलावगृह. पॅरिसमध्ये सोळाव्या लुईच्या काळात १७७७ मध्ये ‘माँ-द-पिएते’ सुरू झालं. पॅरिसकर त्याला ‘मावशी’ म्हणत. घड्याळ कुठे गेलं, तर मावशीकडे! तिथला नियम असा होता की सोन्याचांदीवर वजनाच्या किमतीच्या चार-पंचमांश कर्ज द्यायचं, इतर वस्तूंवर ठरवलेल्या किमतीच्या दोन-तृतीयांश. वस्तू लिलावात कर्जापेक्षा कमी किमतीला गेली तर फरक किंमत ठरवणाऱ्या मूल्यांककाने भरायचा. स्वतःच्या खिशाला चटका बसणार असेल तर कुठला माणूस उदार होईल? आजच्या खासगी दुकानात मूल्यांकक आणि मालक बहुधा एकच असतो, त्यामुळे हा नियम लिहून ठेवावा लागत नाही इतकंच.

आता पहिल्या प्रश्नाकडे येते, कारण मला सांगायचं आहे ते त्यातच आहे. विकताना आठवणीला काउंटरवर काही मिळत नाही, हे सगळे सांगतात आणि ते बरोबर आहे. आजीची अंगठी आणि कालची अंगठी एकाच दराने जाते. गहाण ठेवताना मात्र आठवणीचा हिशोबात शिरकाव होतो. ज्या वस्तूवर मालकाचा जीव आहे ती तो सोडवायला येणार, आणि दुकानाला वस्तू विकण्याच्या कटकटीपेक्षा व्याजासह परत आलेले पैसे जास्त हवे असतात. म्हणून बाजारात फारशी किंमत नसलेली वस्तूही चांगलं तारण ठरू शकते, जर मालकाचं तिच्यावाचून अडत असेल.

एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडच्या कामगार वस्त्यांत हे आठवड्याच्या घड्याळासारखं चालत असे. रविवारी चर्चला घालायचा चांगला सूट सोमवारी गहाण पडायचा, शनिवारी पगार झाला की सुटायचा, सोमवारी पुन्हा आत. त्या सुटाची बाजारात काय किंमत येईल याचा विचार दुकानदार कितीसा करत असेल? त्याला ठाऊक असायचं की शनिवारी संध्याकाळी बाई दारात हजर होणार. त्याच इंग्लंडमध्ये, फेब्रुवारी १८५२ मध्ये, कार्ल मार्क्सने आपल्या मित्राला, एंगल्सला, पत्रातून कळवलं होतं की कोट गहाण पडल्यामुळे घराबाहेर पडता येत नाही. पंधरा वर्षांनी ‘भांडवल’ या ग्रंथात मूल्य म्हणजे काय हे समजावताना त्याने घेतलेलं उदाहरण म्हणजे २० यार्ड लिननचं कापड बरोबर १ कोट. कोटाचा उपयोग एक आणि बदल्यात मिळणारे पैसे दुसरे, हे त्याला काउंटरवर अगोदरच समजलं असणार, असं मला आपलं वाटतं.

पण ‘मालकाचं अडतं’ हाच गुण धोक्याचाही आहे. जितकं अडेल तितकं तारण भक्कम, आणि मालक तितका लाचार. बायबलच्या जुन्या करारात यावर दोन आज्ञा आहेत. जात्याची खालची किंवा वरची तळी गहाण घेऊ नये, कारण ते माणसाचं जगणंच गहाण घेण्यासारखं आहे, आणि पांघरूण घेतलं असेल तर सूर्य मावळण्याआधी परत करावं. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनने, म्हणजे शहरातल्या बंडखोरांच्या अल्पजीवी सरकारने, हेच फर्मानाच्या भाषेत केलं. २० फ्रँकपर्यंतच्या कर्जापोटी ठेवलेले कपडे, फर्निचर, अंथरूण, पुस्तकं आणि कामाची हत्यारं मालकाला फुकट परत. दागिने त्या यादीत नव्हते. मूल्यांककाच्या फळीवर जे सर्वांत वर असतं, ते या यादीत शेवटालाही नाही.

दुकानांना दोष देण्याचा माझा उत्साह आता बराच ओसरलाय. फळीवर पडून राहण्याची भीती खरी आहे, चोरीची भीती खरी आहे, आणि वेळेवर पैसे आले नाहीत तरी गहाणवट दुकान वस्तू ठेवून घेतं, सहसा माणसाच्या मागे वसुलीला लागत नाही. राग येतो तो विकायला आलेल्याला ठेवण्याचा पर्याय नीट न सांगण्याचा, आणि ठेवणाऱ्याला वरकड रकमेबद्दल न सांगण्याचा. ब्रिटनच्या कायद्यात ७५ पौंडांहून जास्त कर्जाचं गहाण बुडालं तर वस्तू विकावी लागते, आणि कर्ज, व्याज, खर्च वळते करून उरलेली रक्कम मालकाची असते. ७५ पौंड किंवा त्याहून कमी असेल तर मुदत संपताच वस्तूच दुकानाची. पॅरिसमध्येही लिलावातली वरकड रक्कम मालकाला मागता येते. विकून टाकलेल्या वस्तूवर मात्र असा कसलाच हक्क उरत नाही, ती उद्या दुपटीने गेली तरी. त्यामुळे पावती हातात आली की आकड्याखालचा बारीक मजकूर आधी वाचावा, आणि तो काउंटरवर उभ्या उभ्याच वाचावा. मागे रांग असली तरी.